'परफेक्ट गेम'ला 'निर्धाव सामना' म्हणावं का?

टांकसाळ
८ ऑक्टोबर १९५६, अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, म्हणजे वर्ल्ड सिरीजचा, पाचवा सामना. यँकी स्टेडियमवर यँकीजचा पिचर (चेंडू टाकणारा) डॉन लार्सननं ९७ चेंडूंत ब्रुकलिन डॉजर्सचे २७ फलंदाज ओळीनं बाद केले. एकही जण पहिल्या बेसवर (धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर) पोचला नाही. यँकीज २-० नं जिंकले. अनुवादात मी 'परफेक्ट गेम' ठेवलं होतं. तपासणाऱ्यानं 'निर्धाव षटका'च्या आधारानं 'निर्धाव सामना' केलं. पटत नाही, पण पर्याय सुचत नाही. 'नो-हिटर' (पिचरनं एकही हिट न दिलेला सामना) हाही त्याच परिच्छेदात आहे.

पाणंद
'निर्धाव' चूकच. धाव न देणं म्हणजे शटआउट. आठ हिट (बेस मिळवून देणारे फटके) बसूनही तो होतो. उलट एकही हिट न देता धाव जाऊ शकते. ३ ऑक्टोबर १९४७ ला एबेट्स फील्डवर यँकीजच्या बिल बेव्हन्सनं नवव्या, शेवटच्या डावात तिघांपैकी दोघे बाद होईपर्यंत हिट दिली नव्हती, तरी डॉजर्सची एक धाव झाली होती. त्यानं त्या सामन्यात १० वॉक (चार बाहेरच्या चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) दिले. पाचव्या डावात दोन वॉक, मग बंट (बॅट न फिरवता हळूच टेकवलेला चेंडू), मग सरपटी चेंडू, की धाव! शेवटी डॉजर्सच्या लाव्हाजेटोच्या डबलवर (दुसऱ्या बेसपर्यंत नेणाऱ्या फटक्यावर) बेसवरचे दोघेही घरी, म्हणजे होम प्लेटवर, आले आणि डॉजर्सचं १-२ चं ३-२ झालं. ते दोघेही वॉकचेच.

ओसरी
मग नो-हिटरला 'फटकाहीन' म्हणू नका, एवढं पाहा. लार्सनच्याच सामन्यात दुसऱ्या डावात जॅकी रॉबिन्सनचा सणसणीत फटका अँडी केरीला लागून शॉर्टस्टॉप मॅकडूगल्डकडे गेला आणि त्याच्या फेकीवर रॉबिन्सन पहिल्या बेसवर बाद झाला. पाचव्यात हॉजेसचा लांब फटका मँटलनं धावत जाऊन झेलला. दोन्ही फटकेच, पण हिट नव्हेत. क्षेत्ररक्षकाची चूक नसताना फटक्याच्या बळावर बेस गाठला तरच हिट.

चौकट
परफेक्ट गेमला 'निर्भेळ सामना' कसा वाटतो? भेळ म्हणजे मिसळ. ज्यात वॉक, हिट, एरर (क्षेत्ररक्षकाची चूक) कशाचीच मिसळ नाही तो निर्भेळ.

ओसरी
मालिका ३-० नं जिंकली की आपली वर्तमानपत्रं 'निर्भेळ यश' लिहितात. शब्द आधीच गुंतलेला आहे.

पाणंद
'निर्दोष' घ्या. २६ मे १९५९ ला मिलवॉकीत पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सनं बारा डावांत ३६ जण ओळीनं बाद केले. तेराव्यात तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकची फेक चुकली नि ओळ तुटली. पुढे अ‍ॅडकॉकच्या फटक्यावर हॅडिक्स ०-१ नं हरला. दोष सोबत्याचा, मोडला मात्र परफेक्ट गेम. म्हणजे हा शब्द पिचरच्या कसबाइतकाच संघाच्या चोख कामाचा आहे.

टांकसाळ
'निर्दोष' पुस्तकी वाटतो, पण अर्थाला धरून आहे. आता लार्सनच्या सामन्यातला शेवटचा फलंदाज डेल मिचेल. पंच पिनेलींनी तिसरा 'स्ट्राइक' (तीन झाले की फलंदाज बाद) दिला तेव्हा त्यानं बॅट पूर्ण फिरवलीच नव्हती. चेंडू बाहेर होता, असं मिचेल कायम म्हणत राहिला. इथे 'प्रहार' लिहिता येत नाही.

चौकट
प्रहाराचीच जुनी मुळं आहेत. आधी बॅट फिरवून चुकणं हाच स्ट्राइक होता. न फिरवता सोडलेल्या चांगल्या चेंडूलाही तो धरायचा नियम १८५८ चा. मराठीत 'चूक' हाच नेमका शब्द.

पाणंद
'चूक' घेतलीत की 'एरर'ला काय म्हणणार? आणि १७ इंची होम प्लेटच्या वरून, काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेलेला चेंडू सोडला, तर ती चूक की निर्णय? त्या काळच्या नियमात पट्टा तेवढा होता. 'स्ट्राइक' तसाच ठेवा.

चौकट
सगळं तसंच ठेवायचं तर 'षटक', 'यष्टी', 'झेल' रुळलेच नसते.

ओसरी
'षटक' रुळला खरा, पण ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत ओव्हर आठ चेंडूंची होती. तिला 'अष्टक' म्हणायला हवं होतं.

चौकट
रुळलेला शब्द मोजदादीतून सुटतो. आपण आठ चेंडूंच्या ओव्हरलाही 'षटक'च म्हणतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

ओसरी
जुन्या धावफलकांचा अनुवाद करताना होतो. '१२ षटकं' म्हणजे ७२ चेंडू की ९६?