मदत हवी आहे: जलचक्राच्या मॉडेलमध्ये पाऊस वाटीत पडतच नाही

मोठ्या भांड्यात २ सेंमी पाणी, मधोमध रिकामी वाटी, वरून ताणून बसवलेला प्लास्टिकचा कागद. दोन तास उन्हात ठेवलं की कागद आतून धुरकट होतो, कडेने थेंब ओघळतात, पण वाटी कोरडीच. काय चुकतंय? आणि यात ढग दाखवता येईल का?

प्रतिसाद:
कागद ताणलाय, तिथेच गडबड आहे. सपाट पृष्ठभागावर बारीक थेंब चिकटून राहतात. कागद थोडा सैल बांधा आणि बरोबर वाटीच्या वर एक गोटी ठेवा. मधे २-३ सेंमी खोलगट झालं की थेंब उतारावरून एकमेकांत मिसळत तिथे येतील. कागद वाटीला टेकू देऊ नका. कडेला रबरबँड घट्ट हवा, नाहीतर वाफ निसटते.

दुसरं म्हणजे वरची बाजू थंड हवी. ३०° सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, १०° ला साधारण ९. फरकाचे २१ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडतात. मात्र ३ लिटरच्या भांड्यात हा हिशेब ०.०६ ग्रॅमवर येतो, म्हणजे जेमतेम एक थेंब! त्यामुळे हवा एकदाच थंड करून भागत नाही. खालून ऊब आणि वरून गारवा दोन्ही चालू राहायला हवं. पाणी ६०° च्या आसपास गरम घ्या, गोटीच्या जागी बर्फाची पिशवी ठेवा.

धागाकर्ता:
बर्फाचंच पाणी वाटीत झिरपलं तर?

प्रतिसाद:
बर्फ करतानाच त्यात निळा रंग घाला. वाटीत निळं पाणी दिसलं की गळती. खालच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ (समुद्राइतकं) आणि लाल रंग टाका. वाटीतलं पाणी रंगहीन राहिलं तर ते वाफेतूनच आलंय, मीठ आणि रंग खालीच राहिले.

दुसरा प्रतिसाद:
ढगासाठी वेगळी बरणी घ्या. तळाशी २ सेंमी गरम पाणी, वर बर्फाची ताटली. नुसतं एवढ्यावर फारसं काही दिसत नाही, कारण वाफेला जमायला कण लागतात. आकाशात ते काम धूळ आणि समुद्री मीठ करतं. ताटली उचला, विझवलेल्या काडीचा धूर आत सोडा, लगेच झाका. जे पांढरं दिसेल त्याला वाफ म्हणू नका. वाफ अदृश्य असते, हे पाण्याचे थेंबच आहेत.

यातून पाऊस मात्र पडणार नाही. ढगातला थेंब ०.०२ मिमीचा, पावसाचा २ मिमीचा. एका थेंबाला तसे दहा लाख एकत्र यावे लागतात, आणि बरणीत तेवढी जागाही नाही, वेळही नाही.