मदत हवी आहे : कॉलनी लीगच्या लिलावात आरटीएम (राइट टू मॅच : लागलेली बोली जुळवून आपला जुना खेळाडू परत घ्यायचा हक्क) ठेवावं का?

मंडळी, नाशिकच्या इंदिरानगरात आमची टेनिस बॉल लीग आहे. आठ संघ, प्रत्येकाला १००० पॉइंट. लिलाव तोंडावर आलाय आणि रिटेन्शनवरून (लिलावाआधीच जुने खेळाडू राखून ठेवणं) कॅप्टन लोकांत जुंपलीय.

२०२५ च्या आयपीएल मेगा लिलावात प्रत्येक संघाला रिटेन्शन आणि आरटीएम मिळून जास्तीत जास्त सहाच जुने खेळाडू ठेवता येत होते. आरटीएम वापरलं की सर्वाधिक बोली लावणाऱ्याला रक्कम वाढवायची आणखी एक संधी, आणि ती जुन्या संघाला जुळवावी लागायची. आमच्यातल्या काहींनाही तेच हवंय, पण एक कॅप्टन म्हणतो, "मी मुद्दाम भाव चढवणार, घ्या मग!" पठ्ठ्या खरंच चढवेल. आमच्याकडे धड कीपर दोनच, त्यांच्यावर सगळ्यांचा डोळा.

मला वाटतं आरटीएम नकोच. दोन रिटेन्शन पुरे, पहिल्याचे २५० आणि दुसऱ्याचे १५० पॉइंट कापायचे. हे जास्त होतंय का? सिडको, पंचवटी, नाशिकरोडकडे लीग चालवणाऱ्यांनी सांगा, तुम्ही किती कापता? आणि कीपरसाठी वेगळा गट करता का?

(अष्टपैलू रामकृष्ण घोष आपल्या नाशिकचा, त्याच आयपीएल लिलावात चेन्नईने ३० लाखांत घेतला. स्वस्तातला माल हेरणं यालाच म्हणतात!)