विषय: 'ओरिनोको फ्लो' समूहस्वरात बसवणे

सप्रेम नमस्कार,
सेंट पॅट्रिक दिनाच्या (आयर्लंडचा सण) कार्यक्रमात आयरिश गायिका एन्याचं 'ओरिनोको फ्लो' घ्यायचं ठरतंय. गायला 8 जण आहेत. तो भरीव आवाज येईल का? निवेदनासाठी चार ओळीही हव्यात.
स्मिता

---

स्मिताताई,
एकदाच गाऊन नाही येणार. त्या गाण्यात एन्याच स्वतःच्या आवाजावर आवाज चढवत गेली आहे. तिचा निर्माता निकी रायन याला अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरच्या 'वॉल ऑफ साउंड'चं, म्हणजे वाद्यांचे थर रचून उभ्या केलेल्या आवाजाच्या भिंतीचं वेड. ती भिंत त्याने गळ्याने बांधली. हे रंगमंचावर उभं करणं महाकठीण, आणि रेकॉर्डचा एवढा खप असूनही एन्याने एकल दौरा केलेला नाही.

प्रत्येकाकडून प्रत्येक ओळ 4 वेळा निरनिराळी रेकॉर्ड करा, म्हणजे 32 थर. एकच टेक कॉपी करून चिकटवू नका, आवाज नुसता मोठा होतो. सुरातला नि वेळेतला केसभर फरकच भरीवपणा देतो. मींड, हरकत, कंप काही नको; आपल्या गाणाऱ्यांना हेच जड जातं. 'स' आणि 'ट' 32 थरांत एकदम आले की पत्र्यावर गारा पडतात. ते दोनच थरांत ठेवा, बाकीच्यांनी गिळायचे. 120 हर्ट्‌झच्या खालचे खर्जातले आवाज कापा. रिव्हर्ब (घुमारा) शेवटी, सगळ्यांना मिळून एकच.

सुरुवातीचे, तारा छेडल्यासारखे तुटक स्वर रोलँड डी-50 या सिंथेसायझरमधल्या 'पिझागोगो' ध्वनीचे आहेत. व्हायोलिनवाल्याला त्रास देऊ नका.
श्रीनिवास

---

निवेदनाबद्दल: एन्याचा जन्म 1961, आयर्लंडच्या डोनेगॉलमधलं ग्वीडोर, घरची भाषा आयरिश. मूळ नावाच्या (Eithne Ní Bhraonáin) स्पेलिंगमध्ये टी-एच आहे, तरी तिकडे उच्चार एन्याच. परक्यांची फसगत नको म्हणून स्पेलिंग सोपं केलं. आडनावातला 'नी' लेकीचा, भावांना 'ओ' लागतो. भावंडांच्या क्लॅनड बँडमध्ये ती 1980 ते 82 एवढीच होती, त्यामुळे 'क्लॅनडची गायिका' म्हणून ओळख करून देऊ नका. चाल तिची, शब्द निकीची पत्नी रोमा रायन यांचे. गाण्याचं नाव लंडनच्या ओरिनोको स्टुडिओवरून आलं, तेव्हा दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचं वर्णन आवरा. 1988 च्या ऑक्टोबरअखेर ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि 3 आठवडे तिथे होतं. ग्रॅमी 4, 'मे इट बी' या तिच्या चित्रपटगीताला ऑस्करचं फक्त नामांकन.
वसुधा

---

वसुधामावशी, श्रीनिवासदादा, आभार. रेकॉर्डिंग फोनवर चालेल?
स्मिता

---

चालेल. सगळ्यांचं एकाच खोलीत, फोन तोंडापासून वीतभर, आणि हेडफोन लावूनच. नाहीतर मागचा ट्रॅक माइकमध्ये शिरतो आणि तोही 32 वेळा ऐकू येतो.
श्रीनिवास