बडोद्यात राजवाडा सोडून कुठल्या वस्तीत फिरावं?

पुणेरी पाहुणा:
आतेबहिणीकडे बडोद्याला येतोय. लक्ष्मीविलास आणि सयाजीबाग मागेच पाहून झालं. या खेपेला जुन्या वस्तीत पायी हिंडायचंय. सोबत आई आहे, सत्तरीची. सुरुवात कुठून करू?

दांडियाबाजारवाली:
मांडवीपासून, म्हणजे जुन्या शहराच्या मधोमध असलेल्या चौकापासून करा, आणि दुकानं उघडायच्या आत. एकदा रिक्षा-दुचाकी सुरू झाल्या की मान वर करायची सोय राहत नाही, आणि तिथलं सगळं वरच आहे! पोळांमधल्या (पोळ म्हणजे जुन्या घरांची गल्ली) लाकडी घरांचे कोरीव खांब, सज्जे, खिडक्या. जुन्या शहराचे ४ दरवाजे मांडवीच्या ४ दिशांना आहेत: लेहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट. चारही गाठायचा अट्टहास करू नका, आई थकतील. एकाच पोळात सावकाश हिंडा.

मांडवीच्या भागातल्या विठ्ठलमंदिरात आईंना जरूर न्या. देवउठी, म्हणजे कार्तिकी एकादशीला या विठ्ठलाचा वरघोडा (मिरवणूक) निघतो. अख्खं जुनं शहर, मराठी-गुजराती सगळे, रस्त्यावर असतात.

मग मध्यवर्ती ग्रंथालय. सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलं. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि वरच्या मजल्यांना जाड काचेची जमीन, खालपर्यंत उजेड पोचावा म्हणून. पुस्तक शोधणाऱ्या माणसाला अंधारात चाचपडावं लागू नये, एवढा विचार त्या काळी झाला होता. मला बडोद्याची खरी श्रीमंती राजवाड्यापेक्षा इथे दिसते.

तिथून रिक्षाने रावपुऱ्यात तांबेकर वाडा. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते. बाहेरून साधा वाटतो, पण वरच्या दालनाच्या भिंती चित्रांनी भरल्यात: महाभारत, कृष्णलीला, शिवाय इंग्रज-मराठ्यांची लढाई. घाईत बघू नका. जिना जुन्या वाड्यातला, आईंना हात द्या.

रावपुरा_७१:
ताईंनी स्वतःचाच दांडिया बाजार गाळला! जुम्मादादा व्यायाममंदिर बघा, प्रोफेसर माणिकरावांची तालीम. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. त्यांचं निवासस्थानही याच भागात आहे. आणि खंडेराव मार्केटच्या भव्य इमारतीत आता महानगरपालिका आहे, पण भाजी-फुलांचा बाजार आजही तिथे भरतो.

पुणेरी पाहुणा:
खूप आभार. पोळात अनोळखी माणूस शिरलेला चालतो का? फोटो काढायचेत.

दांडियाबाजारवाली:
चालतो, पण ती लोकांची राहती घरं आहेत. आधी ओट्यावर कोणी बसलं असेल त्यांच्याशी बोला, "तुमचं घर फार सुंदर आहे, बघू का?" एवढंच. मराठीत विचारलंत तरी पुष्कळांना कळतं. न विचारता कोणाच्या दाराचा, वाळत घातलेल्या कपड्यांचा फोटो नको. आई सोबत आहेत हे फार चांगलं. त्यांना बसायला कोणी ना कोणी खुर्ची देईलच, आणि त्या बसल्या की घराची हकीगत तुम्हाला आपोआप ऐकायला मिळेल. दुपारी वाडे आणि ग्रंथालय बंद-चालू कधी असतं, ते बहिणीला आदल्या दिवशी विचारायला सांगा.