प्रतिसाद: 'मला मान्य आहे' म्हणायचंच कोणाला?

'अमेरिकेत २००२च्या कायद्यानं निवडणुकीतल्या उमेदवाराला स्वतः "ही जाहिरात मला मान्य आहे" असं म्हणावं लागतं, त्यामुळे चिखलफेक कमी झाली,' हे या चर्चेत आलंय ते पटत नाही. ती अट उमेदवाराच्या स्वतःच्या जाहिरातींना. बाहेरचे गट काढतात त्यांत उमेदवार नामानिराळाच राहतो. २००४ मध्ये अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार केरींच्या व्हिएतनाम युद्धातल्या कामगिरीवर चिखल उडवला तो अशाच एका गटानं. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी धाकटे बुश मात्र केरींच्या लष्करी सेवेचं कौतुक करायला मोकळे.

ही युक्ती त्याहून जुनी. १९८८ला अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार, मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर डुकाकिस यांच्याविरुद्ध विली हॉर्टनचा (तिथल्या तुरुंगातून रजेवर सुटून परत न येता बलात्कार करणारा खुनाचा कैदी) फोटो दाखवणारी जाहिरात बाहेरच्या गटाची होती. डुकाकिस यांचे प्रतिस्पर्धी थोरले बुश यांच्या प्रचारानं स्वतःची वेगळी काढली: कृष्णधवल चित्रण, फिरत्या फाटकातून कैदी आत जातात आणि तसेच बाहेर येतात. हॉर्टनचं नाव नाही, फोटो नाही. गरजच काय, तो तर लोकांच्या डोळ्यांसमोर आधीच होता!

इथं कोणी न लिहिलेली गोष्ट म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये कैद्यांना फर्लोवर (तुरुंगातून थोड्या दिवसांच्या रजेवर) सोडायची योजना १९७२ मध्ये सुरू झाली ती सार्जंट या रिपब्लिकन गव्हर्नरच्या काळात. रेगन-बुश सरकारच्या (रेगन अध्यक्ष, थोरले बुश उपाध्यक्ष) केंद्रीय तुरुंगांतूनही अशी रजा मिळायची. अर्थात खुनाच्या कैद्यांना ती बंद करणारं विधेयक डुकाकिसनी १९७६ला नाकारलं होतं, तेव्हा तेही अगदी धुतल्या तांदळासारखे नव्हते. आणि हा विषय १९८८च्या प्रचारात पहिल्यांदा काढला कोणी? डेमोक्रॅट अल गोर यांनी, पक्षांतर्गत वादचर्चेत.