मदत हवी आहे: आईला पहिल्यांदा सुशी खायला कुठे नेऊ?

रविवारी आईला सुशी खायला न्यायचंय. हट्ट तिचाच, नातीने मोबाईलवर दाखवल्यापासून. तळलेली सुरमई आवडीने खाते, पण कच्चा मासा म्हटलं की तोंड वाकडं. सुशी म्हणजे मुळात व्हिनेगर घातलेला भात, नुसते कच्च्या माशाचे काप म्हणजे साशिमी, हे समजावून झालंय. सुरुवात काकडीच्या नाहीतर शिजवलेल्या कोळंबीच्या रोलने करू म्हणतो.

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडकडे असं ठिकाण सांगा जिथे रोल ऑर्डरनंतर बनवतात. फ्रिजमधला कडक भात नको. मागे एका ठिकाणी बाहेरची नोरी (रोलभोवतीचा समुद्री शेवाळाचा पापुद्रा) इतकी चिवट होती, की चपलेचा पट्टा बरा! वासाबी (ती झणझणीत हिरवी चटणी) बाजूला वेगळी देतात का? दोघांचं बिल साधारण किती? नाहीच जमलं तर मिसळ आहेच.