वूचच्या चित्रपटशाळेविषयी थोडी भर

'चित्रपटशाळेत केवळ तंत्र शिकवतात, दृष्टी शिकवता येत नाही' हे मत पोलंडमधील वूच येथील शाळेच्या बाबतीत मला अपुरे वाटते. दुसऱ्या महायुद्धात राजधानी वॉर्सा उद्ध्वस्त झाल्यामुळे पोलिश चित्रपटव्यवसाय बराचसा वूचमध्ये एकवटला आणि १९४८ साली तिथे ही शाळा उभी राहिली. एका कारखानदाराच्या जुन्या वाड्यात ती भरते. सेन्सॉरशिपच्या काळात सामान्य प्रेक्षकांना न दिसणारे परदेशी चित्रपट इथल्या विद्यार्थ्यांना पाहायला मिळत, आणि मग वाड्याच्या लाकडी जिन्यावर बसून त्यांवर तासन्‌तास वाद रंगत. दृष्टी घडते ती माझ्या मते अशा वादांतच, मग अभ्यासक्रमात त्याला तास असो वा नसो. आंद्रे वायदा आणि रोमान पोलान्स्की हे दिग्दर्शक इथलेच विद्यार्थी. दिग्दर्शक क्शिश्तोफ किएश्लॉव्स्की यांना मात्र तिसऱ्या प्रयत्नात प्रवेश मिळाला (प्रवेश परीक्षेवर किती विसंबावे, हा प्रश्न निराळा!). काझिमिएश काराबाश यांच्यासारख्या माहितीपटकाराकडे शिकल्यामुळे सामान्य माणसाकडे घाई न करता, संयमाने पाहण्याची जी सवय त्यांना लागली, ती त्यांच्या पुढच्या कथापटांतही दिसते, आणि तिला निव्वळ तंत्र म्हणणे मला पटत नाही.